आम्ही दोघं आता फक्त खरेदीलाच भेटतो, असं तुमचं पण झालंय का?

फोंड्याची_मुलगी: नमस्कार, डिसेंबरात लग्न आहे, आपल्या गोव्यात रजिस्ट्रारकडे लग्नाच्या दोन सह्या कराव्या लागतात, त्यातली पहिली झाली, दुसरी बाकी. मुलगा चांगला आहे, ॲपवर ओळख झाली, दीड वर्षं झाली. पण गेले चार महिने भेटलो की हॉल, डेकोरेशन, कपडे, हनिमूनचं पॅकेज, दुसरा विषयच नाही. परवा प्री-वेडिंग शूटला पर्र्याच्या माडांच्या रस्त्यावर गेलो, फोटोग्राफर म्हणाला एकमेकांकडे बघून हसा, आणि मला एकदम रडू आलं. ॲपवर पण मी त्याची उंची, नोकरी, पगार बघूनच निवड केलेली, मोबाईल घेताना बघतो तसं. आता जरा भांडण झालं की मनात येतं, याच्यापेक्षा बरा कोणी मिळाला असता का. याचीच भीती वाटते.

मडगावकर_७: ती सवय ॲपनेच लावलेली असते गं. तिथे पुढचा चेहरा नेहमी तयार असतो, आणि तू शोधत राहिलीस तरच त्यांचं सबस्क्रिप्शन चालतं, जोडी जमली की दोन गिऱ्हाईकं गेली. हे नवीन पण नाही, डी बिअर्सने १९४७ मध्ये अमेरिकेत हिरा कायमचा अशी जाहिरातीची ओळ काढली, आपल्याकडे ती हिंदीत 'हीरा है सदा के लिए' म्हणून टीव्हीवर आली, आणि साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी नसेल तर काहीतरी कमी पडलं असं लोकांना वाटायला लागलं. माझ्या आजीला मंगळसूत्र पुरलं होतं.

वाळपईची_मावशी: बाय, माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आईने सासरी वझं, म्हणजे माहेरची फराळाची भेट, पाठवलं तेव्हा शेजारच्या चार बायका रात्रभर नेवऱ्या (करंज्या) करायला बसलेल्या. कुठली कोणी मुरडली ते मला बघून कळायचं, सासूला मी नावं सांगितली. गेल्या वर्षी लेकीचं वझं मी ऑर्डर देऊन केलं, सुंदर पॅकिंग, तिच्या सासूबाई छान म्हणाल्या, पण कोणी केलं हे कोणी विचारलं नाही, विचारण्यासारखं त्यात काही नव्हतंच. नोकरी करून रात्री नेवऱ्या करणार कोण, मला पटतं, तरी ते मनात राहिलंय.

पेडण्याहून: मावशी, मान ठेवून सांगते, जुनं सगळं मायेचं होतं असं नाही. हुंडा होताच की, मुलगी बघायला येऊन रंग आणि दात बघायचे ती काय निवड नव्हती? माझी बहीण पणजीत नोकरीला लागली म्हणून दोन स्थळांना नाही म्हणू शकली. आम्ही दोघं कॅफेत तीनशे रुपये देऊन बसायचो, पण गावाच्या नजरेपासून लांब बोलता तरी आलं. आणि आपल्या गोव्यात तर १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडमुळे, म्हणजे नागरी कायद्यामुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नाही तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते, म्हणजे पैशाचं आधीच मोकळेपणी बोलायला हवं, मी तर म्हणते दुसऱ्या सहीच्या आधी बोल. पैसा वाईट नाही, फक्त प्रत्येक भेट विकत घ्यावी लागते ते वाईट. मिरामारच्या वाळूत बसायला अजून काही लागत नाही.

फोंड्याची_मुलगी: रविवारी गेलो मिरामारला. आज काही घ्यायचं नाही म्हटलं तर तो विचारतो, मग करायचं काय. दोन तास बसलो. वडिलांच्या आजारपणात घरी काय हाल झाले ते त्याने पहिल्यांदा सांगितलं, दीड वर्षात कधी बोलला नव्हता. मालमत्तेचं पुढच्या रविवारी बोलणार आहोत. मावशी, वझ्यातल्या नेवऱ्या तरी आम्ही घरी करणार, तो पण बसतो म्हणाला, सारणाचं प्रमाण टाका ना इथे.