गॉथिक खिडकीचं पेन्सिल रेखाटन: वरचं वर्तुळ कमानीत बसत नाही

रेघोटी: चर्चची गॉथिक खिडकी समोरून काढतेय. १२ सेंमी रुंद टोकदार कमान, तिच्या पोटात दोन छोट्या कमानी, वर वर्तुळ. वर्तुळ एकीकडे टेकतं, दुसरीकडे फट राहते. दगडी पट्टीची जाडी टोकाकडे वाढत जाते. छटा दिल्या तरी कोरीवकाम सपाटच दिसतं. कुठे चुकतंय?

कंपासपेटी: अंदाजाने काढू नका, ही रचना मुळातच कंपासची आहे. कमान जिथून सुटते ते बिंदू क आणि ख. दोन्हींवरून १२ सेंमीचे कंस मारा, मोठी कमान झाली. छोट्या कमानींची रुंदी ६, त्रिज्याही ६. आता क आणि ख वरून ९ सेंमीचे कंस मारा. छेदतील तिथे वर्तुळाचं केंद्र, त्रिज्या ३. मोठ्या कमानीच्या आत १२ − ३ = ९, छोट्यांच्या बाहेर ६ + ३ = ९, म्हणून चारही ठिकाणी टेकतंच. किती देखणा हिशेब आहे!

या झाल्या मध्यरेषा. ४ मिमीच्या पट्टीसाठी केंद्र तेच ठेवून त्रिज्या २ मिमी वाढवा, २ मिमी घटवा. आतल्या कमानीला नवी केंद्रं घेतली की टोकाशी जाडी वाढते.

कमानीच्या दगडांचे सांधेही सांभाळा: डाव्या बाजूचे ख कडे, उजव्या बाजूचे क कडे वळतात. सगळे मधल्या एका बिंदूकडे नेले की कमान खोटी वाटते.

ग्रॅफाइट४बी: सपाटपणाबद्दल. उजेड डावीकडून धरा. फुगीर गोलाईवर सावली उजवीकडे, हळूहळू गडद होत जाणारी. खोबणीत उलट: डाव्या काठालगत सगळ्यात काळी, तिथे कडा धारदार. दोन्हींना एकाच बाजूने छटा दिली की खोली मरते.

काचा आधी ४बीने, म्हणजे मऊ, काळ्या पेन्सिलने भरा. दिवसा बाहेरून त्या काळ्याच दिसतात, आणि त्या काळ्याशी ताडून दगडाच्या छटा ठरवता येतात. बोटाने चोळू नका. कागदाचे खळगे भरून चकाकी येते आणि वर पुढचा थर चढत नाही. आखणी २एचने, म्हणजे कडक, फिक्या पेन्सिलने, पण अगदी हलक्या हाताने. दाबलीत तर चर पडते आणि ४बी फिरवल्यावर पांढरी रेघ उमटते. क आणि ख वर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा, कंपासचं भोक पडणार नाही.

रेघोटी: वर्तुळात पाकळ्या कशा बसवू?

कंपासपेटी: फ्रान्समधल्या रँसच्या कॅथीड्रलच्या खिडक्यांत सहा आहेत. पट्टी वजा करून आतली त्रिज्या २.८ सेंमी उरते, तिचा तिसरा भाग, म्हणजे साधारण ९ मिमी, ही पाकळीची त्रिज्या. केंद्रं मध्यापासून दोन तृतीयांशावर, दर ६० अंशांनी.