तुमच्या पणज्याचा धंदा काय होता? (अनुभव धागा)

काज_बटण
परवा हेळवी, म्हणजे वहीतून घराण्याची वंशावळ वाचून धान्य मागणारा, आलता दारात. आता बैलावरून येत नाहीत, टेम्पोतून येतात, पण वही काखेत आणि आवाज तोच खणखणीत. बाबांना समोर बसवलं आणि सुरू झाला, अमक्याचा तमका, तमक्याचे तिघं, त्यातला मधला बेळगावला कॅम्पात शिवणकामाला. बाबा एकदम गप्प. कारण हा मधला म्हणजे त्यांचा आज्जा आणि घरात त्याच्याबद्दल एवढंच माहीत की गोऱ्या पलटणीचे कपडे शिवायचा आणि भयंकर तापट होता.

मग रात्री जेवताना बाबांना एकेक आठवायला लागलं. आज्जा मूळचा चिकोडीकडचा. खेड्यात शिंप्याला काम म्हणजे लग्नसराई आणि सण, मजुरी बहुतेक धान्यात. रोख पैसा बघायचा तर कॅम्प. 1818 ला इंग्रजांनी किल्ला घेतला, मग छावणी बसली आणि तिच्या मागोमाग शिंपी, मोची, धोबी, पाववाले सगळे गोळा झाले. खाकी ड्रिल म्हणे इतकं जाड असायचं की अंगुस्ताना घालूनही बोटातून रक्त यायचं. साहेब ताडमाड, आज्जा बुटका, त्यामुळं खांद्याचं माप घ्यायला स्टुलावर चढायचा आणि साहेब हसला की ह्याचं डोकं फिरायचं. पण खरा राग उधारीचा. पलटण हलली की साहेब गेला आणि त्याच्याबरोबर पैसे गेले. कुठं शोधणार?

आणि काज सगळे आज्जी करायची, रात्री चिमणीच्या उजेडात. वहीत तिचं नावच नाही. हेळवीला विचारलं तर म्हणाला, तुमच्या पानावर बायकांची लिहिलेली नाहीत. ते काही डोक्यातून जाईना म्हणून हा धागा. लिवा तुमच्याकडं काय असेल ते.

वडगावची_सून
नावाचं सोडा हो, पैशाचं बघा. आमच्या सासरी माग. मागावर बसणार पुरुष, पण कांड्या भरायच्या, खळ लावायची, तुटलेला धागा सांधायचा हे सगळं बायका आणि पोरं. लुगडं सावकाराकडं गेलं की हिशेब नवऱ्याच्या नावावर. आजेसासूबाई म्हणायच्या, विणकर एकच म्हणतात पण लुगडं सहा हातांचं असतंय. आमचं शहापूर, आता बेळगावातच धरतात, तवा सांगली संस्थानात, त्यामुळं आजेसासऱ्यांचा तोरा असा की बेळगावकर इंग्रजाची रयत, आम्ही पटवर्धनांची. पोट दोन्हीकडं सारखंच रिकामं. कुकर लागलाय, नंतर येते

खडेबाजार
हेळवीचा नंबर आहे का? आमच्याकडं कोविडनंतर फिरकलेच नाहीत

काज_बटण
नंबर घ्यायचा राहिला. सुगी झाली की येतात बघा, जोंधळे काढून ठेवा.

ऐरण
आम्ही लोहार. पणजा नांगराचे फाळ पाजवायचा. त्याच काळात लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात, 1888 ला सायकलचं दुकान टाकलं, पुढं कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. तर शेतकरी म्हणायचे लोखंडानं जमीन नासते, नांगर घेईनातच. आमचा पणजा बेरकी, हे ज्याला त्याला तिखटमीठ लावून सांगायचा, कारण लाकडी नांगर टिकला तर फाळ टिकणार आणि फाळ टिकला तर भाता चालणार. 1910 ला कारखाना औंध संस्थानात गेला, किर्लोस्करवाडी झाली, तिकडं पणज्याचा जोडीदार गेला. हा म्हणाला बेळगाव सोडून कुठं दगडात जाऊ. त्या जोडीदाराची नातवंडं पुण्यात बंगल्यात आणि मी अजून ग्रिल आणि गेट करायलोय. असो. गेट पाहिजे असेल तर सांगा.

खडेबाजार
@ऐरण गेट नको, पत्र्याच्या शेडचं काम घेता का

ऐरण
घेतो की हो. मेसेज टाका.

टिळकवाडी_जुनी
1924 च्या काँग्रेसला, म्हणजे गांधीजी अध्यक्ष होते ती, मंडप उभारायला आमचे पणजोबा सुतार म्हणून होते.

खानापूरकर
माझे पण

अनगोळ_नाका
आमचे पण!! बेळगावात एवढे सुतार होते तर एकेकाच्या वाट्याला एकच खिळा आला असणार

टिळकवाडी_जुनी
हसा. आमच्याकडं लाकूड तासायचा वाकस आहे त्या वेळचा. काँग्रेस विहिरीवरून जाताना आई अजून पोरांना बोट दाखवते.

खानापूरकर
खरं सांगायचं तर आम्ही कुंभार, सुतार आईकडून. नळीची कौलं करायचे. चाकावर नळा ओढायचा, अर्धवट वाळला की उभा चिरायचा, एका नळ्याची दोन कौलं. पावसाळ्याआधी घर शाकारायला सगळ्यांना लागायची, माकडं नाचली की फुटायची, म्हणजे गिऱ्हाईक कायमचं. मंगलोरी कौलं आली आणि बसलं सगळं. साच्यातली, एकसारखी, एकात एक अडकणारी, वर्षाला शाकारायची भानगड नाही. आज्जा मंगलोरी कौलाच्या घरात पाणी पण प्यायचा नाही. शेवटी आमच्याच घरावर तीच घातली बाबांनी, तो असतानाच. त्यानंतर तो बाहेर गोठ्यात निजायचा.

मीटरगेज
अरेरे. माकडांचं मात्र आवडलं.

आमचं दुकान वगैरे नव्हतं, पाथरवट. पण पणज्याचं फार माहीत नाही कारण प्लेगात गेला. मुंबईला 1896 ला आला आणि मग आपल्याकडं. गाव सोडून सगळे शेतात झोपड्या घालून. त्याचा भाऊ पण गेला, दोन पोरं पण. माझा आज्जा तान्हा, आईच्या माहेरी होता म्हणून मी हे लिहायलोय.

वडगावची_सून
@मीटरगेज वाईट वाटलं वाचून. आमच्या घरात पण प्लेगच्या आधीचं कुणाला काही सांगता येत नाही, तिथंच तुटतं.

खडेबाजार
आमच्या पणज्याची चोपडी आहे, किराण्याची. सगळी मोडीत. आणि घराचे कागद बघाल तर जुने मोडीत, मग बाळबोध मराठीत, 1956 नंतरचे कन्नडात. घर एकच, हललं कुठं नाही. कोणाला येते का मोडी?

टिळकवाडी_जुनी
मला थोडी. फोटो टाका, पण पूर्ण पान घ्या आणि उजेड बाजूनं येऊ दे, गेल्या खेपेस एकानं फ्लॅश मारून पाठवला, नुसता पांढरा डाग.

काज_बटण
थांबा, माझ्याकडं पण उधारीची एक वही आहे, त्याचं एक पान टाकलंय बघा.

टिळकवाडी_जुनी
@काज_बटण वाचलं. साहेबांची खरी नावं नाहीतच. "लांब साहेब बाकी", "तांबड्या मिशा बाकी", "कुत्र्याचा साहेब, दोन विजारी, बाकी". सगळीकडं बाकीच.

अनगोळ_नाका
कुत्र्याचा साहेब हाहाहा. कुत्रं पाळणारा की शिवी?

काज_बटण
आज्जाचा स्वभाव बघता दोन्ही. बाबा खोकला येईपर्यंत हसले.

आणि निपाणीच्या आत्याला फोन केलता, आज्जीचं नाव तिला माहीत होतं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, हां हां तेच. पुढच्या खेपेस हेळवीला पानावर घालायला लावणार आहे, फोनवर नाही, समोर बसवून.

वडगावची_सून
जोंधळे जास्त घाला मग. आणि ते शेडचं काम कितीला ठरलं, आम्हाला पण करायचंय