'सबस्टन्स यूज'ला फॉर्मवर काय लिहायचं?

खाडीपलीकडची: वाशीतल्या एका क्लिनिकचा पेशंट फॉर्म मराठीत करतेय, 'सबस्टन्स यूज'पाशी अडलेय. 'व्यसने' लिहिलं तर डॉक्टर म्हणाल्या नको, त्या रकान्यात सगळे 'नाही' लिहितात आणि मग खिशातून पुडी निघते. 'मादक पदार्थांचे सेवन' म्हणजे डायरेक्ट पोलीस पंचनामा. सुचवा काहीतरी.

नौपाडाजुना: व्यसनच बरोबर. शब्दात शिवी नाहीच मुळी, 'उत्सवे व्यसने चैव' मधलं व्यसन म्हणजे संकट. शब्द बदलून आजार बदलतो का?

ओपीडीताई: काका, पेशंटला संस्कृत कुठे येतं? शेजारी बायको बसलेली असते, तो काय हो म्हणणार! इंग्रजीतही 2013च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन यादीत, 'अब्यूज' जाऊन 'यूज डिसऑर्डर' आलंच ना. मी घरच्यांना बाहेर बसवते, 'हे सगळ्यांनाच विचारते हं' म्हणते आणि तंबाखू, मिश्री, दारू, गांजा, झोपेच्या गोळ्या असं एकेकाचं नाव घेऊन विचारते. मिश्रीवाल्या आज्या तर 'व्यसन? छे, दात घासते' म्हणतात, ते पण दिवसातून चारदा. आणि ऑपरेशनआधी दारूचं खरं कळायलाच हवं, रोज पिणाऱ्याची अचानक बंद झाली की दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, फिट, भ्रम काहीही होऊ शकतं.

खाडीपलीकडची: मग 'दारू, तंबाखू इ. वापर'?

नौपाडाजुना: वापरतात तो साबण. दारू पितात.

ऐरोलीकर: 'घेता का?' पुरे की 😄

ओपीडीताई: 'हो, साखर कमी' असं उत्तर आलंय मला.

ऐरोलीकर: मग 'बसता का?' विचारा, आमच्या कंपनीत तेवढ्याने सगळ्यांना कळतं.

घणसोलीवाला: शब्द कुठलाही टाका पण किती ते विचारा, 'थोडीशी' म्हणजे कुणाची नाइन्टी, कुणाचा खंबा. क्वार्टर म्हटलं की 180 मिली, विषय संपला.

नौपाडाजुना: मराठी फॉर्मवर क्वार्टर??? पावशेर काय वाईट आहे?

ऐरोलीकर: काका शेर 1960 च्या आसपास गेला, आता पावशेर फक्त शिवी म्हणून उरलाय.

घणसोलीवाला: आमचे आजोबा नवटाक म्हणायचे, नवी टाकलेली म्हणून नवटाक.

नौपाडाजुना: काहीही! नऊ टांक म्हणून नवटांक. शेराचे 72 टांक, त्याचा आठवा भाग. वजन आहे ते, दारूशी संबंध नंतरचा.

खाडीपलीकडची: अहो फॉर्म उद्या प्रिंटला जातोय...

घणसोलीवाला: मग अदपाव आणि नवटाक एकच का?