आयतालेखात (हिस्टोग्राममध्ये) दोन उंचवटे दिसतात, मग सरासरी काय सांगते?

संख्याशास्त्र_पहिलं_वर्ष:
प्रॅक्टिकलला 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधला ओल्ड फेथफुलचा डेटा दिलाय. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातलं गरम पाण्याचं कारंजं, दोन उद्रेकांमधला वेळ मिनिटांत, २७२ नोंदी. सरासरी ७०.९. मी २० चं वर्गांतर (स्तंभाची रुंदी) घेतलं: ४०–६० मध्ये ८३, ६०–८० मध्ये १०५, ८०–१०० मध्ये ८४. म्हणून 'सममित, सरासरीजवळ गर्दी' असं लिहिलं. मैत्रिणीच्या आलेखात मात्र दोन उंचवटे आहेत. बरोबर कोण?

आकडेमोड:
तिचं वर्गांतर ५ असणार. 'आर' आपणहून तेच घेतं.

प्रॅक्टिकलवाले_सर:
मोजणी दोघींचीही बरोबर, पण तुझा निष्कर्ष टिकत नाही. मी जर्नल तपासताना आधी स्तंभांची रुंदी बघतो, उंची नंतर.

तुझा ६०–८० चा स्तंभ ५-५ मिनिटांत फोडून बघ: १४, १०, २७, ५४. म्हणजे १०५ पैकी निम्म्याहून जास्त नोंदी ७५ च्या पुढे आहेत, आणि जिथे तू गर्दी म्हणतेस तिथे ६५–७० मध्ये जेमतेम १०! खरी गर्दी ५०–५५ (३३) आणि ७५–८५ (५४ आणि ५५) इथे आहे. सरासरी या दोन्हींच्या मधल्या खड्ड्याच्या काठाला पडते.

आता कारण शोध, खरी मजा तिथेच आहे. त्याच डेटात उद्रेक किती मिनिटं चालला तेही दिलंय. तीन मिनिटांहून कमी चाललेल्या उद्रेकांनंतर सरासरी ५४-५५ मिनिटं थांबावं लागतं, जास्त चाललेल्यांनंतर ८०. एकाच सारणीत दोन प्रकारचे उद्रेक मिसळलेत. जर्नलमध्ये हे दोन आकडे वेगवेगळे लिही, एकटा ७०.९ लिहून थांबू नकोस.

संख्याशास्त्र_पहिलं_वर्ष:
कळलं सर! शेवटच्या ९०–९५ मध्ये ५ आणि ९५–१०० मध्ये १ आहे. ते एकत्र केले तर चालेल?

प्रॅक्टिकलवाले_सर:
चालेल, पण उंची ६ काढू नकोस, ३ काढ. रुंदी दुप्पट झाली ना. आयतालेखात वारंवारता क्षेत्रफळातून वाचतात. आणि नेमकी ६० असलेली नोंद 'आर' ५५–६० मध्ये धरतं, आपण शाळेत ती पुढच्या वर्गात टाकायचो. हाताने मोजलंस तर आकडे थोडे हलतील, घाबरू नकोस.