मदत हवी आहे: सांताक्रूझच्या पावसाचा हीटमॅप, एका घराने सगळे रंग खाल्ले

नमस्कार मंडळी,

मुंबईतल्या सांताक्रूझ वेधशाळेच्या रोजच्या पावसाचा हीटमॅप (आकड्यांनुसार घरं म्हणजे चौकोन रंगवलेला तक्ता) करतोय. 1991 ते 2020, आडव्या ओळीत एकेक वर्ष, उभ्या स्तंभांत 1 जून ते 30 सप्टेंबरचे 122 दिवस. पायथॉनमध्ये पांडाज लायब्ररीने पिव्हट केलं, म्हणजे नोंदी वर्ष आणि दिवस अशा तक्त्यात मांडल्या, आणि सीबॉर्न या आलेखांच्या लायब्ररीने चित्र काढलं.

अडचण 2005 च्या ओळीत आहे. त्या जुलैत एकाच दिवसात पडलेले 944 मिलिमीटर. (26 जुलैचा पाऊस नोंदीत 27 तारखेला दिसतो, कारण आदल्या सकाळी साडेआठपासूनचे 24 तास धरतात.) रंगपट्टी 0 ते 944 ताणली जाते. सीबॉर्नच्या मूळ रंगांत कमी आकडा गडद असतो, त्यामुळे सगळा तक्ता काळाकुट्ट आणि एकच घर उजळ. ‘ब्लूज’ रंगपट्टी घेतली तर सगळं फिकट आणि एकच घर निळं.

सीबॉर्नचा रोबस्ट पर्याय चालू केला. तो दोन्ही टोकांचे दोन-दोन टक्के आकडे सोडून पट्टी बसवतो. बाकीचं चित्र छान उघडलं, पण आता 944 आणि त्याच्या पाव हिश्शाचा पाऊस एकाच रंगाचे. लॉग (लॉगरिदम) पट्टीत कोरडे दिवस गायबच होतात, शून्याचा लॉग नसतो.

हे पोस्टर आमच्या वस्तीतल्या वाचनालयात लावायचं आहे. मिठी नदीकाठच्या लोकांना 26 जुलै कोणी सांगायला नको. पण शंभर-सव्वाशे मिलिमीटरच्या दिवसांनीही इथे घरात पाणी येतं, आणि ते दिवस किती वेळा येतात हे मला डोळ्यांना दिसेल असं दाखवायचंय. दोन्ही एका चित्रात कसं जमवावं?

प्रतिसाद

सलग रंगपट्टीचा हट्ट सोडा. हवामान खात्याचे वर्ग लोकांच्या कानावरून रोज जातात, तेच टप्पे घ्या: 0.1, 2.5, 15.6, 64.5, 115.6, 204.5 मिलिमीटर. म्हणजे 64.5 पासून ‘जोरदार’, 115.6 पासून ‘अति जोरदार’, 204.5 आणि वर ‘अत्यंत जोरदार’. सीबॉर्न ज्यावर चालतं त्या मॅटप्लॉटलिबच्या बाउंडरीनॉर्मला (आकड्यांचे टप्पे पाडणारं साधन) सुरुवातीला 0 आणि शेवटी 1000 जोडून ही यादी द्या, लिस्टेडकलरमॅपमध्ये (रंगांची यादी) सात रंग भरा आणि दोन्ही हीटमॅपला द्या. पहिले चार फिके ठेवा. 64.5 ला रंग ठळक बदलू द्या, कारण तुमचा प्रश्नच तिथून सुरू होतो. लाल-हिरवी जोडी नको, अनेकांना त्यांतला फरक दिसत नाही.

944 चा आकडा त्या घराशेजारी सरळ लिहा. 27 जुलै हा 57वा स्तंभ, मोजणी शून्यापासून, म्हणून घराचा मध्य 56.5 वर येईल.

आणखी एक, आणि हे रंगांपेक्षा महत्त्वाचं: नोंद नसलेला दिवस आणि कोरडा दिवस सारखेच पांढरे दिसत असतील तर चित्र खोटं बोलतंय. रिकामी घरं सीबॉर्न रंगवत नाही, मागची पार्श्वभूमी दिसते. ती राखाडी करा. पिव्हटमध्ये फिलनाने (रिकाम्या जागा भरणारी आज्ञा) शून्य भरलं असेल तर काढून टाका. स्तंभांसाठी ‘वर्षातला कितवा दिवस’ वापरू नका, लीप वर्षात ओळ एक घर सरकते. महिना-तारीख वापरा.

धागाकर्ता

मनापासून आभार! आता प्रत्येक वर्षातले जोरदार दिवस वेगळे मोजता येतात, आणि 2005 चं घरही हरवलं नाही. शून्य भरलेलं नव्हतं, पार्श्वभूमी राखाडी केली.

एकच राहिलं. महिन्यांची नावं देवनागरीत हवी आहेत. मंगल फाँट दिला तरी ‘ऑगस्ट’ आणि ‘सप्टेंबर’मधली जोडाक्षरं सुटी पडतात, मध्ये हलन्त दिसतो. वाचनालयात असं लावणं बरं दिसणार नाही.

प्रतिसाद

फाँट बदलून उपयोग नाही, अक्षरं जोडण्याचं काम तुमच्या मॅटप्लॉटलिबमध्ये होत नाहीये. नावांशिवाय चित्र एसव्हीजीमध्ये (रेषांच्या स्वरूपातली फाइल) साठवा आणि इंकस्केप या चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये उघडून महिने तिथे टाइप करा. जोडाक्षरं नीट येतात, आणि पोस्टर कितीही मोठं छापलं तरी फाटत नाही.