अमेरिकेतल्या पगारदारांचा ओव्हरटाइम: ६८४ डॉलरची रेघ पुरेशी आहे का?

रात्रपाळी:
१९३८ च्या कायद्याने आठवड्यात ४० तासांवर काम झालं की दीडपट पैसे द्यावे लागतात. यातून 'एक्झेम्प्ट' पगारदार वगळलेत: ज्यांचं काम व्यवस्थापकीय, प्रशासकीय किंवा व्यावसायिक आहे आणि पगार आठवड्याला किमान ६८४ डॉलर (वर्षाला ३५,५६८) आहे असे. बायडन सरकारने ही रक्कम जुलै २०२४ मध्ये ८४४ केली, जानेवारी २०२५ पासून १,१२८ होणार होती. नोव्हेंबरात टेक्सासमधल्या संघीय न्यायालयाने नियमच रद्द केला आणि आकडा पुन्हा ६८४ वर आला. ६० तास राबणाऱ्याला यात तासाला ११ डॉलर ४० सेंट पडतात. असिस्टंट मॅनेजरचा बिल्ला लावला की वरचे २० तास फुकट! निकाल मला साफ चुकीचा वाटतो.

हिशेबनीस:
निकाल बरोबर आहे. कायदा माणसाचं काम बघायला सांगतो, पगार नव्हे. रक्कम इतकी चढवली की कामाची कसोटी नावापुरती उरते. २०१६ मध्ये ओबामांचे ९१३ डॉलर याच मुद्द्यावर अडले होते.
शिवाय मी पेरोल बघतो, म्हणून सांगतो. अट वाढली की आठवड्याला ७०० डॉलरवर ४५ तास काम करणाऱ्याला मालकाने तासाच्या दरावर आणायचं आणि दर ठेवायचा १४.७४. चाळीस तास साधे, पाच दीडपट, बेरीज पुन्हा ७००. कर्मचाऱ्याच्या हाती काय आलं? येता-जाता हजेरीचं पंचिंग!

रात्रपाळी:
आणि शेहेचाळिसावा तास? तो आता फुकट नाही. तेवढंच तर मागतोय. साहेबाला रात्री नऊला मेल टाकण्याआधी विचार करावा लागेल.
कायद्याचं म्हणाल, तर टेक्सासच्या वरच्या, पाचव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्येच पगाराची अट घालण्याचा कामगार खात्याचा अधिकार मान्य केलाय.

हिशेबनीस:
अधिकार मान्य केला तो २०१९ च्या नियमापुरता, म्हणजे तुमच्या याच ६८४ साठी. वाटेल तो आकडा टाका असं नाही म्हटलं.

पश्चिमवारा:
कॅलिफोर्नियात अट राज्याच्या किमान वेतनाच्या दुप्पट आहे, २०२५ साठी ६८,६४० डॉलर. इथली ऑफिसं चालूच आहेत की.

हिशेबनीस:
तिथली घरभाडी बघा आणि मिसिसिपीतली बघा. राज्यांनी आपापलं ठरवावं, वॉशिंग्टनने सगळ्यांना एकच माप लावू नये.

रात्रपाळी:
मिसिसिपीला स्वतःचा किमान वेतनाचा कायदासुद्धा नाही, संघीय ७.२५ डॉलरच चालतात, तेही २००९ पासून. राज्यांवर सोडलं तर तिथल्याने कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

खडूफळा:
मी शिक्षिका. आम्हाला, डॉक्टरांना आणि वकिलांना पगाराची अट लागूच नाही. १,१२८ आले असते तरी वह्या घरीच तपासल्या असत्या. हिशेबनीस कामाची कसोटी म्हणतात ती ही! त्यात २०२५ च्या करकायद्याने ओव्हरटाइमच्या जादा भागावर १२,५०० डॉलरपर्यंत वजावट दिली, २०२८ पर्यंत. एक्झेम्प्ट माणसाला ओव्हरटाइमच नाही, तर वजावट कसली?

हिशेबनीस:
वजावटीबद्दल सहमत. तो अन्यायच आहे. ६८४ बद्दल मात्र नाही.