मामाच्या मुलीशी रजिस्टर लग्न: कायद्यात बसतं का?

बार्शीकर:
नमस्कार मंडळी. माझं लग्न ठरलंय, मुलगी सख्ख्या मामाची. आईचंच माहेर, त्यामुळे दोन्हीकडे आनंद. आम्हा दोघांना मांडव-जेवणावळींचा खर्च नको, म्हणून विवाह अधिकाऱ्यासमोर सह्या करून मोकळं व्हायचं असं ठरवलं होतं. तर ऑफिसातला दिल्लीकडचा मित्र म्हणतो, 'बहिणीशी लग्न? रद्दच होईल ते!' आधी हसलो, आता झोप उडालीय. वय माझं २७, तिचं २४. जाणकारांनी सांगावं.

निवांत_नाना:
अहो, मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क! आमचं तसंच झालंय, थोरल्या भावाचंही. कायदा कुठे आडवा आला नाही. उडवा बार.

वकीलबाई_सोलापूर:
नाना, हक्कबिक्क काही नसतो, मुलीचा होकार असतो. बाकी तुमचं निभावलं ते रूढीच्या जोरावर.

बार्शीकर, मित्र अगदीच चुकीचा नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सख्खी चुलत, मावस, आते-मामे भावंडं निषिद्ध नात्यातच धरली आहेत. वर सपिंडाची, म्हणजे जवळच्या रक्ताच्या नात्याची अट: स्वतःला धरून आईकडून तीन पिढ्या, वडिलांकडून पाच, एवढ्यात दोघांचा पूर्वज एकच निघायला नको. तुमचे आजोळचे आजोबा तेच तिचे आजोबा, म्हणजे तुम्ही दोन्हीकडून अडकता. पण कलम ५ मध्येच वाट ठेवलीय: दोघांनाही लागू असलेली रूढी अशा लग्नाला परवानगी देत असेल तर ते वैध. रूढी नसेल तर लग्न मुळातच शून्य, शिवाय कलम १८ खाली एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

रूढी म्हणजे 'आमच्यात चालतं' एवढं म्हणणं नव्हे. ती दीर्घकाळ, सलग आणि सारखी पाळली गेलेली असावी लागते, आणि वाद झाला तर जो रूढी सांगतो त्यानेच ती सिद्ध करायची. सोलापूर-मराठवाड्यात कित्येक समाजांत हे अवघड नाही. भावकीत अशी लग्नं कुणाकुणाची झाली, ते आईला आणि मामांना विचारून आत्ताच लिहून ठेवा.

आता तुमच्या बेताकडे. सह्यांचं लग्न होतं १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली. निषिद्ध नात्यांच्या यादीत मामाची मुलगी तिथेही आहे. रूढीची सवलत आहे, ती दोघांपैकी एकाला लागू असली तरी पुरते. ऐकायला सोपं, पण तिथे रूढी म्हणजे राज्य सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेला नियम. आजीची साक्ष तिथे चालायची नाही. म्हणून जो रस्ता तुम्हाला सुटसुटीत वाटतोय, तोच तुमच्यासाठी अवघड आहे. त्यात ३० दिवसांची नोटीस वेगळीच.

बार्शीकर:
म्हणजे हॉल घ्यावाच लागणार? की घरी हार घालून नगरपालिकेत नोंदणी केली तर भागेल?

वकीलबाई_सोलापूर:
हॉल कशाला? मामांच्या अंगणात दहा माणसांत लावा. भटजी मात्र बोलवा. दोघांपैकी एकाच्या घरच्या रिवाजाप्रमाणे विधी झाले पाहिजेत, आणि त्यात सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावरच लग्न पूर्ण होतं. आपल्याकडे अक्षता पडल्या की वऱ्हाड पंगतीला पळतं, फोटोवालाही त्यांच्यामागे! त्याला सप्तपदीला थांबवून ठेवा.

नुसत्या नोंदणीने लग्न होत नाही. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर दोन वैमानिकांचं प्रकरण आलं होतं. विधी न करताच प्रमाणपत्र घेतलं होतं. ते लग्न झालंच नाही, असं न्यायालयाने ठरवलं. आधी विधी, मग ९० दिवसांत नोंदणीचा अर्ज, सोबत तीन साक्षीदार. अर्जावर भटजींची सहीही लागते, ती त्याच दिवशी घेऊन टाका, नंतर सीझनमध्ये ते सापडत नाहीत.

निवांत_नाना:
वकीलबाई, आमची सप्तपदी झाली होती की नाही, ते आता हिलाच विचारतो.